मुठीतलं बूच

नाशिकमध्ये बेसबॉलची बॅट मागितली की दुकानदार आधी तुमच्या तोंडाकडे बघतो. माझ्याकडेही बघितलं. चाळिशी ओलांडलेली बाई, खांद्याला डब्याची पिशवी, हॉस्पिटलचा पांढरा कोट घडी करून हातावर टाकलेला.

"मिस्टरांच्या गाडीत ठेवायला का?" त्याने विचारलं.

"नाही, खेळायला."

त्याला ते पटलं नाही, पण गिऱ्हाईक म्हणून त्याने आतून एक लालभडक बॅट आणून काउंटरवर ठेवली. दांडा इतका जाड की माझं बोट अंगठ्याला टेकेना. वर गुळगुळीत रंग, मुठीला काहीच गुंडाळलेलं नाही. ग्रिप मागितली तर त्याने क्रिकेटच्या बॅटची रबरी नळी पुढे केली. ती या बॅटच्या टोकाला असलेल्या गोल गाठीवरून चढवणं मुश्कील, आणि चढलीच तर आधीच जाड असलेली मूठ आणखी जाड. त्याचंही चुकलं नाही म्हणा. त्याच्याकडून अशी बॅट नेलेला माणूस ग्रिप मागायला परत येत नसणार. ती बॅट ड्रायव्हरच्या सीटखाली पडून राहते आणि एखाद्या दिवशी भांडणात बाहेर निघते.

हे मला जरा जास्तच माहीत आहे, कारण मी एक्स-रे काढते. मनगट आणि कोपराच्या मधोमध, करंगळीच्या बाजूचं हाड मोडलेला माणूस समोर येतो आणि सांगतो, बाथरूममध्ये घसरलो. घसरलेला माणूस पंजावर पडतो, त्याचं मनगट मोडतं. हाताच्या मधोमध हाड मोडतं ते बहुतेक वेळा डोकं वाचवायला हात वर केला म्हणून. मी काही बोलत नाही. हात हलवू नका म्हणते, झालं म्हणते. पण इतकी वर्षं असं ऐकून ऐकून कुणी काही सांगितलं की आधी खोटं कुठे आहे ते शोधायची सवय लागली आहे. नवरा म्हणतो, भाजीवाल्यालासुद्धा तू आरोपीसारखं बघतेस.

शाळेत मी सॉफ्टबॉल खेळायचे, कॉलेजात बेसबॉल. मग लग्न, नोकरी, मुलं. गेल्या वर्षी कॉलेजातली एक मैत्रीण भेटली आणि तिच्यामुळे गंगापूर रोडच्या आतल्या बाजूच्या एका मैदानावर रविवारी सकाळी जायला लागले. आम्ही काही जणी आणि शिकवायला एक निवृत्त क्रीडाशिक्षक, ज्यांना सगळ्या 'सर' म्हणतात. सरांचं म्हणणं, प्रत्येकीची बॅट स्वतःची हवी. दुसरीच्या ग्रिपवर तिचा घाम आणि तिच्या बोटांचे खड्डे असतात. तुमचा हात त्या खड्ड्यांत जाऊन बसतो आणि तुम्ही तिच्यासारखं खेळायला लागता.

म्हणून, दुकानातली लाल बॅट न घेता, मी मोबाइलवर जुन्या वस्तूंच्या जाहिराती बघायला लागले. एक दिवस सापडली. चांगल्या लाकडाची, वापरलेली बॅट, इगतपुरीला येऊन घेऊन जावी. फोटो तीन होते. तिन्हींत बॅटचा वरचा जाड भाग होता. मूठ एकाही फोटोत नव्हती. तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली, पण लाकूड खरंच चांगलं दिसत होतं.

नवऱ्याला घेऊन इगतपुरीला गेले. पाऊस धरून होता. हायवेवरच्या एका हॉटेलाजवळ त्या माणसाने बोलावलं होतं. घरी का नको, विचारलं तर म्हणाला, "घर आत हाय, गाडी नाय येत." तो स्वतः मात्र जीप घेऊन आला. साधारण माझ्याच वयाचा, दाढी नीट केलेली. बॅट चादरीत गुंडाळून मागच्या सीटवर आडवी ठेवली होती. चादर त्याने जीपमध्येच सोडली.

माणसाचे हात मी आधी बघते. त्याच्या हातांवरच्या केसांत पांढरट भुकटी होती आणि नखांच्या कडेला कोंडा अडकला होता. दहाही बोटं धड.

"कोण खेळायचं?" मी विचारलं.

"घरातलंच."

"आता खेळत नाहीत?"

"नाय." तो जीपच्या वायपरकडे बघत होता. "तुम्ही लांब नेणार ना? नाशिकला?"

"हो."

"मग ठीक." एवढं बोलून तो निघून गेला. बॅट घेणारा लांबचा आहे याचं समाधान त्याला का वाटावं, हे मला कळेना.

गाडीत बसल्यावर मी बॅट हातात धरली. मूठ विचित्र होती. गोल गाठीच्या वर एका बाजूला फुगवटा होता, गालात सुपारी धरल्यासारखा. माझी करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट त्यावर बसतच नव्हतं, वर ढकललं जात होतं.

घरी आल्यावर जेवणाच्या टेबलावर जुनं वर्तमानपत्र पसरून मी ग्रिप उतरवायला बसले. जुनी ग्रिप काढून लाकूड पुसायचं, एक दिवस सावलीत वाळू द्यायचं आणि मग नवी पट्टी खालच्या गाठीपासून वर, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर थोडा चढवत गुंडाळायची, हे मला कॉलेजपासून येतं. म्हणून अर्ध्या तासाचं काम समजून बसले होते. वर होती एक स्वस्तातली चकचकीत पट्टी, अगदी नवी, घाईत गुंडाळलेली. तिच्याखाली जुनी, घामाने काळी पडलेली कापडी टेप. ही मात्र फार निगुतीने बसवलेली होती. ती उलगडली तर खाली पांढरी चिकटपट्टी, आमच्या ड्रेसिंगच्या खोलीत असते तशी. आणि तिच्या आत, लाकडाला बांधलेला बुचाचा एक तुकडा. कुणीतरी चाकूने तासून, पालथ्या होडीसारखा आकार दिलेला. बूच निघालं तेव्हा त्याखालच्या लाकडावर डाग दिसले. तपकिरी, काठाला काळपट.

नवरा चहाचा कप घेऊन मागे उभा होता. "हे काय?"

"माहीत नाही."

"रक्त आहे का?"

वाळलेलं रक्त मी रोज बघते, आणि ते असंच दिसतं.

"टाकून दे," तो म्हणाला. "नाहीतर त्याला परत दे. उद्या कुणी विचारत आलं तर काय सांगणार आहेस? फोटोत मूठ दाखवली नाही, घरी बोलावलं नाही, लांब नेताय ना म्हणाला. अजून काय पाहिजे तुला?"

मी त्या माणसाला फोन लावला. बॅटला डाग कसले आहेत, एवढंच विचारलं. तो म्हणाला, "आता ती तुमची हाय ताई. परत फोन नका करू." त्यानंतर त्याचा फोन लागेना.

बॅट मी बाल्कनीत, कपडे वाळत घालायच्या स्टँडच्या मागे ठेवली. टेप आणि बूच एका पिशवीत घालून तिथेच. पुढचे काही दिवस धुणं वाळत घालताना माझी नजर तिकडे जायची. हॉस्पिटलात कुणी मोडलेला हात घेऊन आलं की, कुठून आलात, हे मी आधी कधी विचारत नसे ते विचारायला लागले. एकाने घोटी म्हटलं. घोटी इगतपुरीच्या अलीकडे. तो माणूस खरंच मोटारसायकलवरून पडला होता, गुडघे सोललेले होते, तरी मी त्याच्या बायकोला बाजूला घेऊन दोनदा विचारलं.

शेवटी एका रविवारी बॅट आणि पिशवी घेऊन सरांकडे गेले. सरांनी डागांचा वास घेतला, नखाने खरवडलं, मग त्यांच्या औषधाच्या डब्यातलं स्पिरिट कापसावर घेऊन घासलं. डाग विरघळून कापसाला चिकटला. त्यांनी कापूस माझ्या बोटांना लावला. बोटं एकमेकांना चिकटली.

"राळ आहे," सर म्हणाले. "हात घसरू नये म्हणून लावतात. इथे बऱ्याच वर्षांची साठलीय."

मला हायसं वाटायला हवं होतं. पण बुचाचं काय? सर बूच उलटसुलट करून बघत होते, त्यांना उमजेना. मी ते त्यांच्या हातातून घेतलं, लाकडावर होतं त्याच जागी ठेवलं आणि डाव्या हाताने मूठ धरली. नेहमीसारखी बोटं अडली. मग करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत मुडपून, नुसत्या उरलेल्या दोन बोटांनी आणि अंगठ्याने धरून बघितलं. बूच तळहाताच्या कडेला असं बसलं की बॅट हलेना.

"सर, ज्याची ही दोन बोटं नाहीत अशा माणसाने हे केलंय. आणि मला विकणाऱ्याची दहाही बोटं होती."

"इगतपुरीची एक मुलगी होती," सर म्हणाले. "चांगली खेळायची, विद्यापीठाच्या संघात होती. नंतर दिसली नाही. बोटांचं काही मला माहीत नाही. तिच्या घरची भाताची गिरणी होती, एवढं आठवतं."

नखांतला कोंडा मला तिथेच आठवला. म्हणजे विकणारा घरातलाच होता, एवढं तो खरं बोलला होता. पण जिची बॅट, तिला विचारून विकली असती तर चादरीत गुंडाळून हायवेवर कशाला आणली असती?

"कशाला खाजवून खरूज काढतेस?" नवरा म्हणाला. "रक्त नाही ना? मग खेळ."

मला ते जमलं नाही. सुट्टीच्या दिवशी एसटीने एकटीच इगतपुरीला गेले. गिरणी विचारत विचारत पोचले तर दारात तीच जीप. आत मशीनच्या पट्ट्याचा आवाज येत होता. मी छत्री तोंडासमोर धरून पुढे गेले आणि मागच्या बाजूचं घर गाठलं. दार एका बाईने उघडलं. माझ्यापेक्षा सहा-सात वर्षांनी लहान असेल. डाव्या हातात वह्यांचा गठ्ठा होता, शाळेत शिकवत असावी. वह्या तिने दोन बोटं आणि अंगठ्यात धरल्या होत्या.

मी सांगायचं काय ते ठरवून आले होते, पण ते तोंडातून निघेना. मी पिशवीतून बॅट काढली. तिने वह्या ओट्यावर टाकल्या आणि बॅट माझ्या हातातून ओढूनच घेतली.

"कुठं मिळाली ही?"

"विकत घेतली. मोबाइलवर जाहिरात होती."

"कुणाकडनं?" ती माझ्याकडे अशी बघत होती की जणू चोर मीच. "उन्हाळ्यात गेली ही घरातनं. कुणी दिली तुम्हाला? समोरच्या घरातलं होतं का कुणी?"

"समोरचं कोण, मला माहीत नाही."

"मग माणूस कसा होता?"

खरं सांगितलं तर या घरात काय होईल हे मला दिसत होतं. खोटं सांगितलं तर समोरच्या घरावर आळ कायम राहणार, हेही दिसत होतं. "जीप घेऊन आला होता," मी म्हटलं. "हातावर भुकटी होती. नखांत कोंडा."

ती खाली बसली आणि उघड्या मुठीवरून हात फिरवत राहिली. मग तिने मला आत बसायला सांगितलं, पाणी दिलं आणि मागच्या दारातून गिरणीकडे बघून हाक मारली, "दादा, जरा घरी ये."

तो उंबऱ्यात आला, मला बघितलं आणि तिथेच थांबला. गिरणी बंद करून आला असावा, कारण आवाज थांबला होता.

"या ताई म्हणतात, तू विकली," ती म्हणाली.

"हो."

"मला म्हणालास चोरीला गेली."

"हो."

"का?"

तो उंबऱ्यावरच बसला. आमच्या दोघींकडे न बघता बोलला. "तुझी बोटं गेली ती माझ्या गिरणीत. मी म्हणालो, जरा लक्ष ठेव, मी पोती उतरवून येतो. पट्ट्याला जाळी नव्हती. लावायची होती, आज लावू, उद्या लावू. नंतर लावली, पण काय उपयोग? त्यानंतर तू ते बूच तासून परत खेळायला लागलीस, मी काही बोललो नाय. गेल्या हिवाळ्यात बॉल लागून तोच हात फुटला. टाके पडले. आणि टाके निघायच्या आत तू परत ही घेऊन अंगणात उभी. मला नाय बघवत."

"तुला बघायला कुणी बोलावलं? एकदा तरी आलास मैदानावर?"

"म्हणूनच नाय आलो."

"मग जाळायची होती. बंबात घालायची."

"हातात घेतली होती. नाय जाळवली."

ती उठली, दोन पावलं गेली, परत आली. "समोरच्या मावशींच्या घरातल्यांनी नेली असं मी म्हणत होते, तेव्हा तू समोर जेवत होतास. मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. त्यांच्याकडनं आलेली खीर परत पाठवली. तू नुसता ऐकत बसलास."

त्याने खिशातून पैसे काढून माझ्यापुढे धरले, बहुधा हात रिकामे नकोत म्हणून. मी नंतर बघू म्हटलं.

मला वाटलं आता रडारड होईल. तिने मात्र माझ्या पिशवीतून बूच आणि टेप काढून जमिनीवर मांडली. जुनी टेप बघितली आणि बाजूला टाकली. "ही उलगडली की परत बसत नाय." आतून नवी कापडी टेप आणली. मी माझ्यासाठी घेतलेली रबरी पट्टी तिला देऊ केली, तर तिने बोटांनी दाबून परत दिली. "आमच्या पावसात ही घसरते, ताई. कापड घाम पितं. मळतं लवकर, मग बदलायचं. आणि खेळून झालं की प्लास्टिकच्या पिशवीत कोंबायची नाय. दोन दिवसांत बुरशी."

बूच बांधून झालं. टेप गुंडाळताना एरवी ती बॅट दोन्ही पायांत धरत असावी, तशी बसलीही होती. तेवढ्यात भाऊ पुढे सरकला आणि त्याने बॅटचं जाड टोक दोन्ही हातांनी धरलं. तिने त्याच्याकडे बघितलं. मला वाटलं हात झटकेल. "सैल धरू नको," ती म्हणाली आणि टेप ताणली. वेढा चढत गेला तसा तो बॅट फिरवत गेला. एकदा त्याने घाईने फिरवली तर तिने सगळं उलगडून परत सुरुवात केली. टेपचं टोक तिने दातांनी तोडलं, मूठ धरून बघितली आणि बॅट आतल्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. किल्ली गळ्यातल्या साखळीत अडकवली. भाऊ ते बघत होता, आणि तो बघतोय हे बघूनच तिने ते केलं, असं मला वाटलं.

"ताई, माझ्याबरोबर समोर येता?" तिने मला विचारलं. "एकटीनं जायला तोंड नाय मला."

समोरच्या घरात एक म्हाताऱ्या बाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. आम्हाला बघून त्यांनी सूप खाली ठेवलं नाही. हिने बॅट सापडल्याचं सांगितलं, भावाने विकली होती हे सांगितलं, आणि माझी चूक झाली म्हणाली.

"मला ठाऊक हाय," मावशी म्हणाल्या. "उन्हाळ्यातच चादरीत गुंडाळून जीपमध्ये घालताना मी बघितलं त्याला."

"मग तवाच सांगितलं का नाय?"

"तू विचारलंस का? विचारलं असतंस तर सांगितलं असतं. तू आलीस ती आमच्या कॉटखाली वाकून बघत." मावशींनी एक खडा उचलून बाहेर टाकला. "बसा आता, चहा ठेवते."

चहा घेतला. मावशी मधूनच मला विचारत होत्या, तुम्ही कोण, नाशकात कुठे, मिस्टर काय करतात, एवढ्या लांब एकट्या कशा आलात. माझ्या उत्तरांवर त्यांचा विश्वास बसत नव्हता हे मला दिसत होतं. एक बाई विकत घेतलेली बॅट परत द्यायला पावसात एसटीने येते, यात काहीतरी काळंबेरं असणार, असंच त्यांना वाटलं असणार. त्यांच्या जागी मी असते तर मलाही तेच वाटलं असतं.

निघताना भावाने पैसे दिले आणि स्टँडपर्यंत सोडलं. वाटेत एवढंच म्हणाला, "फोटोत मूठ मुद्दाम नव्हती दाखवली. बूच बघून कुणी घेतलं नसतं." मग थोड्या वेळाने, "वरची पट्टी मीच गुंडाळली होती. नीट नाय जमली."

पुढे सरांनी मला नाशिकमध्येच एका जुन्या खेळाडूची बॅट मिळवून दिली. घेण्याआधी मी तिची ग्रिप सरांच्या समोर उलगडून घेतली, खाली नुसतं लाकूड होतं.

इगतपुरीची ती आता कधीकधी रविवारी आमच्याकडे खेळायला येते. भाऊ जीपने सोडतो आणि मैदानाच्या फाटकाबाहेर गाडीतच बसून राहतो. आत आला नाही अजून. खेळ झाला की ती ओल्या फडक्याने मूठ पुसते, वाळेपर्यंत सावलीत धरून बसते आणि मग बॅट कापडात गुंडाळते. मी एकदा म्हटलं, दे मी पुसते, तू पाणी पी. तिने क्षणभर माझ्याकडे बघितलं.

"राहू द्या, ताई," ती म्हणाली आणि बॅट मांडीवरून दुसऱ्या बाजूला घेतली.